थंडीत मासे तळाशी बसतात

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा. तिन्हीसांजेला तळ्यात द्रोणातले दिवे सोडले. मुख्याध्यापकांना वाटलं खाऊ आला. त्यांनी एका द्रोणाला अशी ढुशी दिली की दिवा विझला आणि द्रोण बुडाला. मुख्याध्यापक म्हणजे आमचा सगळ्यात मोठा कोई मासा. अंग पांढरंधोप, डोक्यावर काळी टोपी. माझा उभा जन्म रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे आमच्या तळ्यात सगळा स्टाफ हजर आहे. लालभडक पर्यवेक्षक आहेत, सदैव तोंड उघडं ठेवणाऱ्या संगीताच्या बाई आहेत आणि गप्पी मासे म्हणजे पाचवी अ.

आज पहाटे शाल काढावी लागली. कुंडलिका नदीवरचा गार वारा आमच्या वरसे गावापर्यंत यायला लागला. म्हणजे तळ्याची हिवाळी शिस्त सुरू. गोपाळरावांना परसात उभं करून सगळं समजावलं. थंडी पडली की मासे तळाशी बसतात. दिसले नाहीत म्हणून घाबरायचं नाही. दाणे अगदी थोडे, तेही दुपारी ऊन आल्यावर, कारण गार पाण्यात त्यांना पचत नाही आणि उरलेलं कुजतं. काठी घालून ढवळायचं नाही. कमळाची पानं वाळतील, देठ पाण्याच्या वर ठेवून कापायचे, नाहीतर पोकळ देठातून पाणी आत जाऊन कंद कुजतो. कमळ मरत नाही, झोपतं. माघात कुंड्या उपसून कंद वेगळे करायचे, तोवर हात लावायचा नाही.

एवढी वर्षं आमच्या संसारात माझं बोलणं ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची पद्धत आहे. आज मात्र गोपाळरावांनी मन लावून ऐकलं. वर विचारलं, "म्हणजे मासे दिसलेच नाहीत, तर किती दिवस काळजी करायची नाही?"

म्हटलं, "थंडी सरेपर्यंत."

कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळ खायला उठतो. तळ्यात रमले तर बरंच आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंतराचा पुण्याहून फोन. पुन्हा तेच पालुपद. तिच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय, इथलं घर विकून तिकडे या, नातीला आजी-आजोबा मिळतील. दिवाळीत ह्यावर नाही म्हणून झालंय. "बाल्कनीत एक टब ठेवता येईल, आई," म्हणाली. टबात मुख्याध्यापकांची शेपटीसुद्धा मावायची नाही. मी हसून विषय संपवला. गोपाळरावांनी पेपरचं पान उलटलं. घर आमच्या दोघांच्या नावावर आहे आणि माझं नाही म्हणजे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

संध्याकाळी दुसरी गंमत. पेणहून आसावरीचा फोन, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचा. पोह्याचे पापड लाटण्यापलीकडे जिला कशात रस नाही, तिने घरामागे हौद बांधायला घेतलाय. "वहिनी, तुझं बघून मलाही वाटलं," म्हणाली. किती खोल करू, उन्हात की सावलीत, कमळाची कुंडी कुठे ठेवू, सगळं विचारलं. मी तासभर बोलले. शेवटी एक तरी शिष्या मिळाली.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घटापाशी ठेवायला कमळ नाही. थंडीत ते असणारच नाही, तरी दरवर्षी चुटपूट लागते. कुमुदिनीचं एक निळं फूल मिळालं, त्यावर भागवलं.

दुपारी कमळाची वाळकी पानं कापली. कुंड्यांत आता नुसता चिखल आणि वर पाणी. कोणी परकं बघेल तर म्हणेल, ह्या बाईने चिखल कशाला जपून ठेवलाय.

आसावरीचा हौद भरून झाला. तिला सांगितलं, नळाचं पाणी आधी उघड्यावर मुरू दे आणि मग त्यात जुन्या तळ्यातलं पाणी घाल. दुधाला विरजण लागतं तसं नव्या पाण्यालाही लागतं. गोपाळराव लगेच म्हणाले, "मी नेऊन देतो की." माणूस चक्क उत्साहाने उठला. मोठा झाकणाचा कॅन शोधून काढला, धुतला. सकाळच्या दिवा पॅसेंजरने पेणला जाणार आहेत.

११ डिसेंबर, बुधवार

गोपाळराव पेणला जाऊन आले, आज पुन्हा गेले. एका कॅनने काय होणार, हौद मोठा आहे म्हणे. येताना पापडांची चवड आणि मिरगुंड. तळ्याच्या पाण्याला एवढा भाव येईल असं वाटलं नव्हतं.

कॅनच्या झाकणाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडलीत. मी विचारलं, "हे कशाला? गाडीत सांडेल ना."

म्हणाले, "तूच म्हणालीस ना, विरजण जिवंत असतं. त्याला हवा नको?"

मला फार कौतुक वाटलं. तळ्याचं पाणी जिवंत असतं हे मला मुलांना शिकवताना घाम फुटायचा. ह्यांना आपणहून सुचलं.

धोंडुबाई मासे घेऊन आली. ती खाडीकडची. टोपली उतरवून नेहमीप्रमाणे तळ्याच्या काठावर बसली आणि तिचा ठरलेला विनोद केला, "खायचं नाय तं पालायचं कशाला गो बाय एवडं मासं?" मग म्हणाली, "काल तू नव्हतीस तवा सायब जालं घिऊन बसले व्हते. मी म्हनलं, सायब, मना पोटावर मारता काय आता?"

काल मी नदीपलीकडे अष्टमी गावात मैत्रिणीकडे गेले होते. बदामाची लाल पानं तळ्यात पडतात, ती जाळीने काढत असतील. न सांगता काम करायला लागलेत. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज एक तरुण जोडपं आलं होतं. हितेश आणि भाविका. तो धाटावला कंपनीत आहे, गोपाळरावांच्या जुन्या ओळखीतला. "बाग बघायला आलेत," म्हणून गोपाळरावांनी परसात आणलं. बघायला कोणी आलं की मला शाळा भरल्यासारखं वाटतं. मी त्यांना सगळं दाखवलं. मासे वर आले नाहीत, त्यावरून थंडीत माशांचं रक्त कसं मंदावतं ते समजावलं. भाविका ऐकत होती. हितेशचं लक्ष भिंतीकडे. तो कुंपणापासून तळ्यापर्यंत पावलं टाकत गेला आणि परत आला.

"काकू, खाली काँक्रीट हाय काय?" त्याने विचारलं.

"चांगलं जाड आहे," मी म्हटलं. "एक थेंब गळत नाही."

"मंग फोडायला तरास," तो म्हणाला. भाविकाने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्पच झाला. मग म्हणाला, "नाय, म्हंजे कधी दुरुस्ती निघाली तर."

पोरगा विचार करणारा आहे. मी त्यांना कुमुदिनीचं एक रोप दिलं. भाविका घ्यायला मागत नव्हती, मी बळेच हातात दिलं.

२९ डिसेंबर, रविवार

काहीतरी चुकतंय.

थंडी आहे, मासे तळाशी असणार, मान्य. पण भर दुपारी ऊन थेट पाण्यात शिरलं तेव्हासुद्धा पर्यवेक्षक दिसले नाहीत. संगीताच्या बाई आठवडाभरात नाहीत. मुख्याध्यापक परवा दिसले होते, एकटेच, कडेला.

ढोकरी, तो मातकट बगळा. दुसरं कोण? थंडीत मासे सुस्त होतात आणि ढोकरी टपून बसलेली असते, हे मी सगळ्या जगाला सांगते आणि स्वतःच्या तळ्यावर जाळी टाकायला उशीर केला. गोपाळरावांना म्हटलं तर म्हणाले, "हो, मलाही परवा दिसली होती भिंतीवर." मग आधी नाही का सांगायचं? त्यांनी स्वतः बाजारातून जाळी आणली आणि आम्ही दोघांनी मिळून ती ताणून बांधली. गाठ त्यांच्या हातून दोनदा सुटली. म्हणाले, गार पाण्याने.

धोंडुबाई म्हणते, "ढोकरी खाते तं काटा नाय तं खवला तरी पडतो गो. मना काय दिसला नाय." तिचं काय, ती मासे विकणारी, पाळणारी नव्हे.

४ जानेवारी, शनिवार

आसावरीचा फोन आला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण शिष्येला नाही कसं म्हणणार. तिच्या हौदात मासे आले आहेत. कुठून आणलेस विचारलं तर म्हणाली, "दादाने आणून दिले. अलिबागकडचं कोणीतरी देत होतं." मला थोडं लागलं. मासे निवडायचे तर मला विचारायचं ना. पण माझ्या तळ्याची अशी दशा असताना बहिणीसाठी मासे आणले हे मला सांगणं त्यांना जड गेलं असेल.

"वहिनी, एक मोठा मासा आहे," आसावरी म्हणाली. "तो काही खातच नाही. कोपऱ्यात तोंड करून उभा आहे."

म्हटलं, "रुसलाय. जागा बदलली की मोठे मासे रुसतात, लहान लवकर विसरतात. दोन-चार दिवस दाणे टाकूच नकोस. हौदावर एक फळी टाक, सावली झाली की त्याला धीर येईल. आणि सारखी जाऊन बघत बसू नकोस."

"तो जगेल ना गं?" तिचा आवाज रडवेला झाला होता. एका माशासाठी एवढा जीव टाकते, म्हणजे हिला खरंच नाद लागला.

"जगेल," मी म्हटलं. "मी येऊन बघू का?"

तर म्हणाली नको, घरात रंगकाम काढलंय, सगळा पसारा आहे. मागच्या वेळी पापडांची मोठी ऑर्डर होती. हिच्याकडे जायला मुहूर्तच काढावा लागणार.

८ जानेवारी, बुधवार

आज मी माझाच नियम मोडला. जाळी सोडली, लुगडं खोचलं आणि तळ्यात उतरले. मांडीपर्यंत पाणी, थंडीने पाय बधिर. तळाशी हात फिरवत फिरवत सगळं तळं पालथं घातलं. कुंड्यांच्या मागे, पायरीखाली, दगडांच्या कपारीत. पाचवी अ तेवढी पायांना चावे घेत होती. बाकी कोणी नाही. मुख्याध्यापकही नाहीत.

मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले. ह्या वयात असं रडताना लाज वाटायला हवी, पण नाही वाटली. एक एक मासा बोटाएवढा होता तेव्हापासून मी वाढवला. आणि माझ्याच हातून गेले, माझ्याच हलगर्जीने. जाळी कार्तिकातच टाकायला हवी होती. मीच सगळ्यांना सांगत फिरले, दिसले नाहीत तर काळजी करू नका. मासे संपत होते आणि मी शहाणपण शिकवत होते.

गोपाळराव टॉवेल घेऊन काठावर उभे होते. मला हात धरून वर घेतलं, पाय पुसले, आल्याचा चहा करून दिला. त्यांचेही डोळे भरले होते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकी माया त्यांनी कधी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मी म्हटलं, "आता नको हे सगळं. माझ्याने पुन्हा होणार नाही."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

१२ जानेवारी, रविवार

काल अंतरा आली. गोपाळरावांनीच बोलावलं, आईला बरं वाटेल म्हणून. संध्याकाळी परसात पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, सगळं मडक्यात भरून मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. दरवर्षी त्या उजेडात तळ्यात मासे वर यायचे. काल पाणी काळं आणि गप्प.

अंतराने माझ्या गळ्यात हात टाकले. "आई, किती जपलं होतंस तू त्यांना," म्हणाली आणि तीच रडायला लागली. मी तिची समजूत घालत होते. मग मडकं उघडलं, शेंगा निवल्या, आणि खाता खाता मीच म्हणाले, "अंतरा, तो फ्लॅट आहे का अजून रिकामा?"

अंतराने बाबांकडे बघितलं. गोपाळराव शेंग सोलत होते, सोलतच राहिले.

"आहे, आई," ती म्हणाली.

"मग येतो आम्ही."

म्हणून मोकळी झाले. रात्री झोप चांगली लागली. निर्णय झाला की माणूस हलका होतो म्हणतात. मला हलकं नाही वाटलं, पण थकवा मात्र खूप होता.

२६ जानेवारी, रविवार

बांधाबांध सुरू. गोपाळराव सकाळपासून शीळ घालत माळ्यावरून सामान काढतात. त्यांना बघून वाटतं, माझ्यामुळे हा माणूस इतके दिवस इथे अडकून पडला होता की काय.

घराला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. आणि कोण, तर तोच हितेश. मी म्हटलं, "योगायोग बघा, बाग बघायला आलेली मुलं घरच घेतायत." गोपाळराव म्हणाले, "बाग आवडली असेल." हितेश टेप घेऊन आला होता. तळं बुजवून तिथे गाडी लावायला शेड करणार आहे. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. मी म्हटलं, तुझं घर आहे बाबा, तू ठरव. पुढच्या आठवड्यात सह्या.

भाविका गाडीतून उतरलीच नाही. मला वाटलं हात करावा, पण तिने मान फिरवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. अंगणात दूध उतू घातलं. ह्या घरातली शेवटची.

मासे गेले तरी कमळं आहेत, हे माझ्या मनात होतंच. हितेश तळं बुजवणार, मग कंद काढून आसावरीला देऊन टाकावे. तिला खरा नाद लागलाय, तिच्याकडे ते फुलतील. गोपाळराव रोह्याला बँकेत गेले होते. मी पदर खोचला आणि पहिली कुंडी ओढून काठावर उपडी केली.

चिखल. हाताने चाळला. कंद नाही.

दुसरी कुंडी. नाही. तिसरी. नाही.

कंद कुजला असता तर काळा गाळ झाला असता, दुर्गंधी आली असती, देठाचे तंतू तरी हाताला लागले असते. ह्यात काही नव्हतं. चाळून निवडलेल्या गव्हासारखा स्वच्छ चिखल, वरून हाताने सारखा केलेला. अजून उपडी न केलेल्या चौथ्या कुंडीत बोटांच्या खुणा होत्या.

ह्या कुंड्यांचे काठ तळ्याच्या पाण्यावर असतात, म्हणून मी हिवाळाभर त्यांत वेगळं पाणी घातलं. उन्हात कोमट करून, धार लावून, हळूहळू. झोपलंय म्हणून.

कोणीतरी नेले. ढोकरी काही कमळाचे कंद खात नाही. आणि कंद चोर नेत असेल, तर मग मासे?

गोपाळराव आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी चप्पल काढता काढता थांबून ऐकलं. म्हणाले, "जाऊ दे ना आता. आपण जाणारच आहोत." पोलिसांत जाऊ म्हटलं, तर हसण्याचा प्रयत्न केला. कमळाची कसली गं तक्रार, म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहून ठेवते.

सकाळी न सांगता एसटीने पेणला गेले. कुठला संशय घेऊन गेले नव्हते. मला फक्त कुठलं तरी भरलेलं पाणी बघायचं होतं. आणि आसावरीला सांगायचं होतं की चोरी झाली, तू तुझ्या कमळांना जप.

दाराला कडी. ती पापड वाळत घालायला गच्चीवर असेल म्हणून मी बाजूच्या बोळातून मागे गेले. रंगकामाचा कुठे मागमूस नव्हता. भिंतींवर जुनाच रंग, पोपडे आलेला.

हौद चांगला मोठा बांधलाय. मी सांगितल्याप्रमाणेच. पूर्वेचं ऊन, एका बाजूला पायरी, कडेला कुंड्या. कुंड्यांतून कमळाची पहिली पानं वर येऊन पाण्यावर पसरली होती, तळहाताएवढी. आणि एका फळीच्या सावलीतून पांढरा मासा बाहेर आला. डोक्यावर काळी टोपी.

मी कठड्यावर बसले. त्यांच्यामागून पर्यवेक्षक आले, मग संगीताच्या बाई, तोंड उघडं टाकून. सगळा स्टाफ. कोणी मेलं नव्हतं. एकही नाही. आधी मला आनंद झाला, हे इथे लिहायलाच हवं. पोटातून आनंद झाला आणि मी मोठ्याने हसले. मग झाकणाला पाडलेली भोकं आठवली.

आसावरी जिन्यावरून खाली आली ती पिठाच्या हातांनी तशीच थबकली.

"वहिनी," म्हणाली. "अगं, मी दादाला दहादा सांगितलं, तिला सांग म्हणून."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"तो म्हणाला, तिला एकदम तोडलं तर ती मोडेल. हळूहळू होऊ दे. तळं आपोआप संपलं असं वाटलं तर ती आपणहून निघेल." तिने पदराने तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं. "मारून टाकणं त्याच्या जिवावर आलं गं. म्हणून माझ्याकडे."

"मी तुला विचारलं, मासे कुठून आणलेस?"

ती बोटांना लागलेलं पीठ खरवडत राहिली.

"माझाच मासा रुसलाय, तो कसा जगवायचा, हे तू मला विचारलंस, आसावरी."

"दुसरं कोणाला विचारणार होते?" असं म्हणून ती रडायला लागली. ते खरंच होतं आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

पाण्यावर दाण्यांचा थर तरंगत होता. थंडी अजून गेलेली नाही, एवढं कोणी घालतं का? मी काही बोलले नाही. हिला आता काहीही शिकवायचं नाही असं ठरवलं. पण माशांचा काय दोष? भिंतीला टेकलेली जाळी घेतली, दाणे काढून टाकले आणि जाळी जागच्या जागी ठेवून निघाले. "चहा तरी घे," ती मागून म्हणत होती. "मासे घेऊन जा हवं तर, सगळे घेऊन जा."

मासे नेता येतील. कमळ आता नाही नेता येणार. पान फुटल्यावर कंद हलवला तर मरतो. निदान पुढच्या थंडीपर्यंत ते तिथेच.

घरी आले तेव्हा गोपाळराव ओट्यापाशी वाल सोलत बसले होते. बिरडं मला आवडतं म्हणून.

म्हटलं, "पेणला जाऊन आले."

त्यांचे हात थांबले. मग विचारलं, "बरे आहेत ना?"

मला वाटलं, कसले बरे आहेत? मग कळलं, माशांबद्दल विचारतायत.

"बरे आहेत. मी तळ्यात उतरले होते त्या दिवशी तुम्ही टॉवेल घेऊन उभे होतात."

"हो."

"मी मेल्यासारखी रडत होते."

"तोंडावर आलं होतं गं माझ्या. अगदी ओठांवर. तेवढ्यात तू म्हणालीस, आता नको हे सगळं. मला वाटलं, सुटलो."

"मला सरळ विचारायचं होतंत, पुण्याला जाऊ या का."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं."

"अहो, नाही म्हणता यावं म्हणूनच तर विचारतात."

ते उठले, वाटी कलंडली, वाल ओट्यावरून खाली घरंगळले. "तुला तळं आहे," म्हणाले. "सकाळी उठलीस की तुला जायला जागा आहे. मला काय आहे इथे? दाराशी उभा राहून दुसऱ्यांच्या शिफ्टच्या बसेस बघतो. तिकडे नात आहे, ती आजोबा म्हणून हाक मारते. मी कोणाला सांगणार होतो हे?"

मला. मला सांगायचं होतं. रोज रात्री एका ताटापलीकडे जेवायला बसत होतात. मी हे बोलले की नुसतं मनात म्हटलं, आता आठवत नाही. त्यांचं एकटेपण खोटं नव्हतं, एवढं मला दिसत होतं. पण कणव आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, मला तीही हवी होती. नुसता राग आला, कारण मी आयुष्यभर शिकवलेलं एवढं एकच त्यांनी नीट लक्षात ठेवलं आणि तेच माझ्यावर चालवलं.

वाल मीच गोळा केले. कोणीतरी करायलाच हवे होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आज सकाळी मी त्यांना सांगितलं. सही करणार नाही. हितेशला तुम्ही कळवायचं, मी नाही. तुम्हाला पुण्याला जायचं असेल तर खुशाल जा, नातीकडे राहा, तुमची बॅग मी भरून देते. मी इथे राहणार. त्यांनी "एकटी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "दोन महिने एकटीच तर होते."

दुपारी तळ्यातलं निम्मं पाणी काढलं, गाळ उपसला. पाठ भरून आली. धोंडुबाई आली, टोपली ठेवून बघत राहिली. म्हणाली, "बाय, एवडा कराचा तं कोनाला तरी बोलव गो." म्हटलं, बोलवायला विश्वासाचं माणूस लागतं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने पाटी उचलली आणि दोन खेपा टाकून दिल्या.

मग अंतराला फोन लावला. तिला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. घरात एक तरी माणूस असा आहे ज्याच्याशी सरळ बोलता येतं, हा मला आधार होता.

"अंतरा," मी म्हटलं, "आम्ही येतो म्हणाले होते, तो शब्द मी परत घेतेय. तळं मेलं असं समजून मी हो म्हणाले होते. मासे जिवंत आहेत."

मी वाट बघत होते. आता ती विचारेल, म्हणजे काय गं आई, कसे जिवंत, कुठे आहेत? माझ्या गळ्यात पडून त्याच माशांसाठी रडली होती ती.

बऱ्याच वेळाने अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आत्या बोलली ना?"